कोरडे होऊ देत

आमच्या भागातले निम्मे म्हातारे माझ्या ताईने दिलेलं हसू घेऊन फिरतात. ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, ही मेणात एकेक दात बसवते, साचा काढते, घासते आणि चकचकीत करून परत पाठवते. तिचं म्हणणं असं की डोळ्याला फसवता येतं, जिभेला नाही. केसाएवढा खडबडीतपणा राहिला तरी जीभ दिवसभर तिथेच जाऊन बसते. मी तिचा धाकटा भाऊ. मी सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. म्हणजे लोकांनी चावायचं कशाने ते ताई बघते आणि बूड कुठे टेकायचं ते मी बघतो.

दिवसभर घासून-पुसून आल्यावर माणसाने पाय पसरून बसावं की नाही? ताई बसत नाही. चहाचा कप घेऊन ती मागच्या बाल्कनीत जाते आणि दगड घासते. स्वतःच्या हाताने नाही, यंत्राने. टेबलावर दोन रूळ, बाजूला मोटर, आणि रुळांवर आडवा पडलेला रबराचा ड्रम, लहान बादलीएवढा. त्यात दगड, पाणी आणि घासायची पूड घालायची, झाकण आवळायचं आणि ड्रम फिरत ठेवायचा. रात्रंदिवस. आधी जाडी पूड, मग मधली, मग बारीक, आणि शेवटी पॉलिशची पूड. प्रत्येक वेळी आठवडाभर तरी. नदीने ज्या कामाला युगं घेतली ते ताई महिन्याभरात उरकते, वर आम्हाला ऐकवते की नदीला घाई नव्हती.

दगडही ती विकत आणत नाही. शहराबाहेर नदीचं रुंद पात्र आहे, वर्षातले बरेच महिने कोरडं. सुट्टीच्या दिवशी तिथे जायचं आणि मान खाली घालून चालायचं. अकीक, म्हणजे बाहेरून बटाटा आणि आत पट्टे. जास्पर, लाल नाहीतर मोहरीच्या रंगाचा, मातीचा गोळा वाटावा असा. आणि तिचं सगळ्यात लाडकं, दगड झालेलं लाकूड. फार फार वर्षांपूर्वी चिखलात गाडलेलं झाड, त्याचा कण न कण जाऊन तिथे दगड बसला, पण आतली वर्तुळं जशीच्या तशी. मी एकदा म्हणालो, "ताई, हे माझ्या खुर्च्यांना वापरलं तर वाळवीची कटकटच मिटेल." ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

ड्रम उघडायचा दिवस म्हणजे आमच्या घरी समारंभ. झाकण निघालं, दगड धुतले की ओले दगड असे काही झळकतात की आई दर वेळी "अगबाई!" म्हणते. आणि ताई दर वेळी एकच वाक्य म्हणते, "कोरडे होऊ देत." कारण ओला दगड कुठलाही सुंदर दिसतो. रस्त्यावरची खडीसुद्धा. ताई दगड जुन्या टॉवेलवर पसरते आणि सरळ आत निघून जाते. पाणी उडाल्यावर जो चमकतो तो झाला, बाकीचे परत ड्रममध्ये.

हा नियम तिने दगडांपुरता ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. मी लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आईने तिला मिठीच मारली, आणि ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "चांगली वाटते. दोन-चारदा येऊ दे. कोरडी होऊ दे." हे मी मूर्खासारखं बायकोला सांगितलं. अजून भांडण झालं की ती टॉवेल अंगाभोवती गुंडाळून विचारते, "झाले का मी कोरडी?"

पण ताईला हा नियम दगडांनी शिकवला नव्हता. विशी-पंचविशीत तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा दिसायला राजबिंडा, बोलायला साखर, मोठ्या कारखान्यात इंजिनीअर. आम्ही सगळे हरखलो. ताईला कुठे काय खटकलं कोण जाणे, एक दिवस ती कारखान्याच्या फाटकावर जाऊन चौकशी करून आली. त्याला कामावरून काढून बराच काळ झाला होता. त्याला माहीत, त्याच्या घरच्यांना माहीत, आणि सगळे मिळून आमच्याकडे पेढे देऊन गेलेले. ताई म्हणाली, "नोकरी गेली म्हणून मी नाही म्हणाले नसते." तिने लग्न स्वतः मोडलं आणि त्यानंतर कोणाचं नाव काढू दिलं नाही. पुढे पुढे आई म्हणायची, "अगं, दगडापेक्षा वीट मऊ. कोणीतरी असावं." त्यावर ताई म्हणायची, "आई, विटेला पॉलिश होत नाही."

अशी ताई पन्नाशी ओलांडून गेली, आणि मग चष्मेवाले आले.

ताईच्या वर्कशॉपच्या खाली त्यांचं चष्म्याचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली, दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. एकदा ताईची पॉलिशची पूड संपली आणि कोणीतरी तिला सांगितलं की भिंगं चमकवायलाही तसलीच फिकट गुलाबी पूड लागते. ताई वाटी घेऊन खाली गेली, शेजारणीकडे साखर मागायला जावं तशी. चष्मेवाल्यांनी वाटी भरून दिली आणि विचारलं, "कशाला हवी?" ही चूक त्यांना महागात पडली. ताईने त्यांना तासभर सांगितलं कशाला हवी ते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वर गेले आणि म्हणाले, "काल राहिलेलं सांगा."

पहिल्यांदा नदीवर आले ते पॉलिश केलेल्या बुटांत. अर्धा दिवस फिरून त्यांनी मोठ्या हौसेने ताईच्या हातात एक हिरवा खडा ठेवला. तो बाटलीचा तुकडा होता. मी हसून हसून खाली बसलो. ताई हसली नाही. म्हणाली, "नदीने छान गोल केलाय. ठेवा." मग परतीच्या वाटेवर त्यांनी एक लाकडाचा तुकडा उचलला, फेकायला हात मागे नेला आणि तसेच थांबले, कारण लाकूड एवढं जड नसतं. ताईने तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाली, "लाकूडच होतं. आता नाही." त्या माणसाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता! पोरगी झाल्यावरही एवढा खुलला नसेल. त्यांनी तो तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला आणि घर येईपर्यंत खिसा फाटला.

पुढे काय झालं ते मला ताईनेच सांगितलं, कधी नव्हे ती लाजत. ती डोळे तपासायला त्यांच्या दुकानात बसली होती. अंधारी खोली, नाकावर ती जड चौकट, समोर अक्षरं. चष्मेवाले भिंगं बदलत विचारत होते, "हे बरं की आधीचं? आता हे बरं की आधीचं?" आणि त्याच सुरात त्यांनी विचारलं, "आणि यापुढे तुम्ही वरच्या मजल्यावर आणि मी खाली, हे बरं, की दोघं एका घरात, ते बरं?" ताई म्हणाली, "आधी भिंग काढा." भिंग काढल्यावर म्हणाली, "आज ड्रम लावलाय. तुमचं लाकूडही आहे त्यात. ड्रम पॉलिश होऊन निघाला की उत्तर देते."

मी म्हणालो, "ताई, माणूस लग्नाचं विचारतोय आणि तू त्याला दगडांच्या रांगेत उभं केलंस?" ती म्हणाली, "महिना काही मोठा नाही." आईने मात्र त्या दिवसापासून ड्रमची जी काळजी घ्यायला सुरुवात केली ती माझ्या बाळपणीही माझी घेतली नसेल. वीज गेली की ती बाल्कनीत जाऊन उभी राहायची. ताई आतून हो म्हणून बसली आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. चष्मेवाल्यांना सोडून.

ड्रम लावला त्याच आठवड्यात ताई नदीवर घसरून पडली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर. कवळ्यांचं काम एका हाताने आणि दोन मदतनीस हाताशी घेऊन तिने निभावलं, पण ड्रम एका हाताने धुता येत नाही. मी पुढे झालो. ताई म्हणाली, "तू नको. तुझ्या कपड्यांत खिळे असतात." हे काम चष्मेवाल्यांवर आलं. पॉलिशची पूड घालण्याआधी काय करायचं ते तिने त्यांना समोर बसवून सांगितलं. ड्रम धुवायचा, झाकणाची खाच धुवायची, प्रत्येक दगड ब्रशने घासायचा. आणि ज्याला भेग दिसेल तो बाहेर. मग तो कितीही देखणा असो. भेगेत जाड्या पुडीचा एक कण जरी अडकून राहिला असेल तर तो पॉलिशमध्ये सुटतो आणि ड्रममधल्या सगळ्यांना ओरबाडून ठेवतो.

चष्मेवाल्यांनी ते काम आमच्या बाल्कनीत केलं. ताई कामावर होती, मी बादल्या धरायला होतो. मी आयुष्यात कोणाला एवढ्या निगुतीने धुताना पाहिलेलं नाही. झाकणाच्या खाचेतून त्यांनी दात कोरावेत तशी काडी फिरवली. प्रत्येक दगड घासून, घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावून बघत होते. दोन अकीक आणि एक जास्पर भेगेपायी बाजूला काढले. शेवटी त्यांचं ते लाकूड हातात आलं. ते बराच वेळ भिंगाखाली राहिलं. मग पुन्हा ब्रश, पुन्हा भिंग, पुन्हा ब्रश. मला वाटलं, आपलं लेकरू म्हणून जरा जास्त न्हाऊ घालताहेत. त्यांनी ते ड्रममध्ये टाकलं, झाकण आवळलं, आणि त्यानंतर चहासुद्धा न घेता गेले.

ड्रम उघडायचा आणि ताईचं प्लास्टर काढायचा, दोन्ही दिवस एकच आले. माझी बायको ताईबरोबर दवाखान्यात गेली. चष्मेवाले दुपारी आले, नवा शर्ट घालून. ताईने निरोप ठेवला होता की उघडून ठेवा, मी येतेच. झाकण निघालं, दगड धुतले आणि आई म्हणाली, "अगबाई!" खरंच, असा माल आमच्याकडे कधी निघाला नव्हता. ताईचा तो केशरी पट्ट्यांचा अकीक, नदीवर जायला लागल्यावर तिला सापडलेला पहिला, जो तिने इतकी वर्षं हिंमत होत नाही म्हणून ड्रममध्ये घातला नव्हता, तोही ह्या खेपेला त्यात होता. मी चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी दगड टॉवेलवर पसरले.

मग ते कोरडे होऊ लागले. एकेकाची चमक जाऊ लागली, आधी कडेने, मग मधून. वर जणू कोणी धुरकट काच धरली होती. चष्मेवाल्यांनी भिंग लावलं आणि केशरी अकीक उजेडाकडे धरला. बारीक बारीक ओरखडे, सगळीकडे, सगळ्यांवर. ते उलट्या बादलीवर खाली बसले.

"भेग होती," ते म्हणाले. "माझ्या तुकड्याला. मला दिसली होती."

"मग काढला का नाही?" मी ओरडलोच.

"काढवला नाही."

मला राग आला, सांगतो. असा राग आला की तो तुकडा खाली रस्त्यावर फेकून द्यावा. बावन्न वर्षांच्या बाईला इतक्या वर्षांनी कोणीतरी बरं वाटलं होतं आणि त्याने तिच्याच ड्रममध्ये तिने नको सांगितलेली एकच गोष्ट करून ठेवली होती. मी तो उचलायला वाकलो, तोवर ते तोंड धुवायला आत गेले.

इकडे आईने सगळं ऐकलं होतं. गुडघे धरत ती उठली, तिच्या खाटेखालची बाटली घेऊन आली आणि टॉवेलापाशी बसून एकेक दगड चोळायला लागली. गुडघ्यांना लावायचं तेल! वास तर असा की उघडलं की शेजारी खिडक्या लावतात.

"आई, काय करतेस? ताईला कळणार नाही का?"

"तू गप्प बस. ती हो म्हणेपर्यंत चमकले म्हणजे झालं. नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

आणि दगड झळकायला लागले की हो! ओल्यापेक्षा जास्त. तेवढ्यात जिना चढायचा आवाज आला, दार उघडलं आणि ताई आत आली, तिचा तो प्लास्टरमधून निघालेला बारीक, पांढराफटक हात जपत. बाल्कनीतून उजेड येत होता आणि टॉवेलवर दगड लखलखत होते. दारातूनच तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उमलला. माझ्या ताईचा असा चेहरा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. "वा," ती म्हणाली. "माझा केशरीसुद्धा?"

चष्मेवाले त्याच वेळी आतून आले, तोंड पुसत. त्यांनी दगडांकडे पाहिलं आणि जागीच थबकले. आईने त्यांना डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका म्हणून. ती खूण मला दिसली, म्हणजे त्यांनाही दिसली. ताई अजून दारातच होती. गप्प राहणं किती सोपं होतं!

"थांबा," ते म्हणाले. "जवळ यायच्या आधी ऐका. ओरखडे पडलेत. सगळ्यांवर. तुमच्या केशरीवरही. ही चमक आत्ता कुठून आली मला माहीत नाही, पण ती खरी नाही."

ताईचं हसू गेलं. "कशाने पडले?"

"माझ्या लाकडाला भेग होती. मला दिसली होती. एकदा नाही, तीनदा बघितली. तरी घातलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"भेग दिसली तर बाहेर."

"मग?"

त्यांनी हातातला रुमाल घडी केला, उलगडला. "सगळे आत जाणार आणि तेवढं एकटं बाहेर राहणार, ते मला बघवेना. ते माझं होतं म्हणून. दुसरं कारण नाही."

ताई टॉवेलापाशी आली, तिने केशरी अकीक उचलला आणि नाकाशी नेला. "ह्याला आईच्या गुडघ्यांचा वास येतोय."

"मी लावलं," आई म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "मीच लावलं. त्यांना नको बोलूस. मी गेल्यावर तू ह्या बाल्कनीत एकटी दगडांशी बोलत बसशील, त्या भीतीने लावलं."

माझी बायको दारातच पिशवी धरून उभी होती. ताईने पदराने अकीक पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, तेल निघून ओरखडे दिसेपर्यंत. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि रागही आला होता. तिने तो लपवला नाही. "इतकी वर्षं मी ह्याला हात लावला नव्हता," ती चष्मेवाल्यांना म्हणाली. ते म्हणाले, "हो." त्यांनी माफी मागितली नाही, खुलासाही केला नाही. नुसते तिच्यासमोर उभे राहिले.

मग तिने ते लाकूड उचललं आणि भेगेवरून नख फिरवलं. आतली वर्तुळं मात्र सुरेख दिसत होती. "हे परत घोळायचं नाही," ती म्हणाली. "आहे तसंच ठेवायचं. बाकीचे सगळे मधल्या पुडीपासून पुन्हा."

"म्हणजे अजून तीन आठवडे," चष्मेवाले हळूच म्हणाले. बिचारे उत्तराचा हिशेब करत होते.

ताईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मला म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर आण. मोटर टेबलापासून सोडव. हे सगळं ह्यांच्या दुकानामागच्या खोलीत न्यायचंय, ड्रम तिथेच लावू."

"अगं, तिकडे कशाला?" आई डोळे पुसत म्हणाली. "रोज एवढ्या लांब बघायला कशी जाशील?"

"कशाला जाऊ?" ताई म्हणाली. "मी तिथेच असणार."

आईला ते कळायला एक क्षण लागला. चष्मेवाल्यांना त्याहून जास्त. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि ताईकडे असे बघत राहिले की ती अक्षरं वाचायला बसवल्यासारखी सरळ उभी राहिली.

"मी दारात होते तेव्हाच सांगितलंत," ती त्यांना म्हणाली. "मी जवळ येऊन स्वतः बघायची वाट नाही पाहिलीत. आता ती मोटर धरा तुमच्या बाजूने, माझ्या ह्या हातात अजून जोर नाही."